कव्हर बघून पुस्तक घ्या, बिनधास्त!

शाळेत आपल्या सगळ्यांना एक इंग्रजी म्हण शिकवली होती: मुखपृष्ठावरून पुस्तकाची पारख करू नये. निबंधात वापरली की बाई खूश. आता ही म्हण मुळात माणसांबद्दलची आहे. माणसाला कपड्यांवरून, रंगावरून तोलू नका, हे शंभर टक्के मान्य. पण पुस्तकांच्या बाबतीत ती शब्दशः घेऊन आपण वाचनालयाच्या कपाटासमोर जे काही करतो, ते मला अजिबात मान्य नाही. आज शनिवार आहे, हापिसचा लॅपटॉप बंद आहे, तेव्हा या विषयावर जरा भांडून घेतो.

माझं म्हणणं सरळ आहे. वाचनालयात गेलात की दोनपैकी एक पुस्तक असं घ्या, ज्याचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही आणि लेखकही माहीत नाही. फोन खिशातच ठेवा. फक्त नाव वाचा, मुखपृष्ठ बघा, मनात काहीतरी हललं की उचला आणि चालू लागा. शितावरून भाताची परीक्षा करणारे लोक आपण, मग पुस्तकालाच वेगळा नियम का?

आता आपण सध्या पुस्तकं कशी निवडतो ते बघा. आमच्या टीममध्ये अकरा जण. मागच्या दिवाळीनंतर त्यातल्या सहा जणांच्या टेबलावर एकच पुस्तक होतं, चांगल्या सवयी कशा लावाव्यात यावरचं. (त्यातल्या पाच जणांची बुकमार्कची चिठ्ठी पंचविसाव्या पानाच्या पुढे कधी गेली नाही. असो.) कोणी रील बघून घेतलं, कोणी पॉडकास्ट ऐकून, बाकीच्यांनी 'साडेचार स्टार आहेत ना' म्हणून. मराठी वाचणाऱ्यांची तऱ्हाही फार वेगळी नाही. 'मराठीतली वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तकं' ही यादी कुठलीही उघडा, तिच्यात 'मृत्युंजय', 'ययाति', 'स्वामी', 'कोसला' आणि 'बटाट्याची चाळ' असणारच. उत्तम पुस्तकं आहेत, वादच नाही. पण आपल्या भाषेत छापील पुस्तकं निघायला लागून दोनशे वर्षं झाली आणि आपण अजून दहाच्या यादीवर अडकलोय!

मी मधल्या सुट्टीत असंच एक अनोळखी पुस्तक काढून बसलो होतो, तर शेजारचा मित्र विचारतो, "काय वाचून राहिला बे?"

म्हटलं, "माहीत नाही. आत्ताच चालू केलं."

"मग घेतलं कायले?"

"नाव आवडलं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी टेस्टिंग न करताच कोड थेट प्रॉडक्शनवर टाकलाय. आणि हा माणूस पाच रेस्टॉरंटचे रेटिंग वाचल्याशिवाय सावजी खायला निघत नाही. नागपुरात जन्मून!

आता जरा आपल्याच धंद्यातलं बोलू. शिफारस करणारी यंत्रणा, म्हणजे 'हे आवडलं तर तेही आवडेल' सांगणारा प्रोग्रॅम, आपल्यापैकी कित्येकांनी निदान कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तरी लिहिला असेल. त्यातली सगळ्यात जुनी डोकेदुखी म्हणजे 'कोल्ड स्टार्ट'. ज्या वस्तूला कोणी रेटिंगच दिलेलं नाही, ती कोणाला सुचवायची हे प्रोग्रॅमला कळत नाही. सुचवली जात नाही म्हणून कोणी घेत नाही, घेत नाही म्हणून रेटिंग नाही, रेटिंग नाही म्हणून सुचवली जात नाही. अनंत लूप. जालावर मराठी पुस्तकं बघा, मोजकी सोडली तर बाकीच्यांना चार-दोन लोकांचे तारे, नाहीतर काहीच नाही. म्हणजे आपलं जवळजवळ सगळं साहित्य या लूपमध्ये अडकलेलं. त्याला पुस्तकाच्या दर्जाचं प्रमाणपत्र समजणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो आपण इंजिनिअर लोक करतो याचं जास्त वाईट वाटतं.

'इतक्या लोकांना आवडलंय म्हणजे काहीतरी असेलच ना?' असं कोणी म्हणालं, तर त्याला २००६ सालचा एक प्रयोग सांगा. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी तो 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि ती १४,३४१ लोकांसमोर ठेवली. काही लोकांना नुसती गाणी दाखवली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले, आणि प्रत्येक गटात 'हे गाणं आतापर्यंत आपल्या गटातल्या किती जणांनी उतरवून घेतलं' तो आकडाही दाखवला. निकाल मजेशीर. आकडे दिसत होते तिथे लोकप्रिय गाणी अजून लोकप्रिय झाली आणि मागची अजून मागे पडली. त्याहून गंमत म्हणजे आठ गटांत वरचा क्रमांक पटकावणारी गाणी वेगवेगळी निघाली! अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काय होईल याचा नेम नव्हता. म्हणजे तुमच्या साडेचार ताऱ्यांत पुस्तकाचा गुण किती आणि सुरुवातीच्या शंभर लोकांचा योगायोग किती, हे ताऱ्यांकडे बघून कळूच शकत नाही.

आणखी एक जुनं गणित आहे. माहीत असलेल्याचाच फायदा घेत राहायचं, की नवीन काही शोधायला थोडा खर्च करायचा? सोप्या नागपुरी भाषेत, रोज त्याच टपरीवर तर्री-पोहे खायचे, की कधी पलीकडच्या गल्लीतही जाऊन बघायचं? या गणिताची उत्तरं बरीच आहेत, पण शोध पूर्ण बंद करा असं त्यातलं एकही चांगलं उत्तर सांगत नाही. आपण मात्र वाचनात नेमकं तेच केलंय, शोधाचं बजेट शून्य!

'अरे पण वेळ कुठे आहे? वाईट पुस्तकात वेळ गेला तर?' हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि सगळ्यात जास्त हसू यावरच येतं. विकत घेताना हा हिशेब मी समजू शकतो. चारशे रुपये घालवायचे तर चौकशी करावी माणसानं. पण वाचनालय हे खास याच कामासाठी बनलेलं आहे हो! माझी महिन्याची वर्गणी दोन कॉफींपेक्षा कमी आहे. पुस्तक आवडलं नाही तर तिसाव्या पानावर मिटायचं आणि रविवारी परत करायचं. रोलबॅक फुकट. चुकण्याची किंमत शून्य असलेली जागा आयुष्यात अजून किती उरल्यात? आणि ज्या मित्राकडे पुस्तकाची तीस पानं चाळायला वेळ नाही, तो बुधवारी रात्री दीड वाजेपर्यंत काय स्क्रोल करत होता ते आपल्याला माहीत आहे. :)

आता मुद्द्याच्या गंभीर भागाकडे येतो.

मी ज्या वाचनालयाचा सभासद आहे (नाव सांगत नाही, उगाच वाद नको), तिथे दोन खोल्या आहेत. एक अभ्यासिका. तिथे सकाळी सातपासून स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी खांद्याला खांदा लावून बसलेली. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत दोन कूलर, तरी जागा मिळत नाही. दुसरी खोली पुस्तकांच्या कपाटांची. तिथे शनिवारी संध्याकाळी मी, दोन निवृत्त काका आणि एक काकू. माझ्या वयाचं कोणी नाही. अभ्यासिकेतल्या पोरांवर माझा काडीचा राग नाही. त्यांच्या फीमधूनच विजेचं बिल भरलं जातं, आणि त्यांना शांत जागा मिळतेय ही चांगलीच गोष्ट आहे. पण आता तिथे असा विचार चाललाय की गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं काढून टाकायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत अजून टेबलं टाकायची. याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात. आपल्या भाषेत रद्दी.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती या निर्णयात साक्षीदार असते. मी गेल्या महिन्यात एकाच कपाटातली पुस्तकं उघडून बघत बसलो होतो. कशावर शेवटचा शिक्का १९९८ चा, कशावर २००७ चा. आणि काही चिठ्ठ्या पूर्ण कोऱ्या. छापलं, विकत घेतलं, नंबर टाकला, शिक्का मारला, आणि एकाही माणसानं कधी घरी नेलं नाही. त्यातलं एक मी काउंटरवर नेलं तर वर ऐकायला काय मिळालं? "अहो, ते कशाला नेता, ते कोणीच नाही नेत!" म्हटलं, मॅडम, म्हणूनच तर नेतोय.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा एक गाजलेला अभ्यास १९७९ मध्ये आला. १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पुढच्या सहा-सात वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. असे आकडे दिसले की व्यवस्थापनवाल्यांचे डोळे चमकतात, 'न चालणारा माल' म्हणून. पण न चालण्याचं कारण पुस्तकातच आहे, हे त्या आकड्यांवरून कुठे सिद्ध होतं? ज्याच्या कपाटापर्यंत कोणी गेलंच नाही, त्याच्यावर 'नापसंत' असा शिक्का कसा मारता?

या बाबतीत आपल्याच देशातल्या एका गणिताच्या प्राध्यापकानं फार आधी विचार करून ठेवलाय. शियाळी रामामृत रंगनाथन. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. हा आपल्याला लगेच पटतो, कारण त्यात ग्राहक आपण आहोत. पण तिसरा नियम उलट्या बाजूनं येतो: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे पुस्तकाचाही हक्क असतो. आणि हा हक्क मिळवून देण्याचा मुख्य मार्ग म्हणून रंगनाथन काय सांगतात? मुक्तप्रवेश. वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ द्या, हात लावू द्या, भटकू द्या. काउंटरवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागवायचं तर नाव आधीच माहीत असावं लागतं. माहीत नसलेलं पुस्तक मागणार कसं? मोबाइलच्या सर्च बॉक्सचीही नेमकी हीच गोची आहे.

महाराष्ट्रात याचं एक जिवंत उदाहरण आहे. पाचगणीजवळचं भिलार. ४ मे २०१७ ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हा गावातल्या २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तकं ठेवली होती, घरांत, देवळात, शाळेत. स्ट्रॉबेरी खायला आलेला माणूस कोणाच्या तरी ओसरीवर शिरतो आणि समोर दिसेल ते पुस्तक उचलतो. यादी करून कोण जातं तिथे? मग भिलारला जे आपल्याला 'किती छान कल्पना' वाटतं, ते आपल्या पेठेतल्या वाचनालयात करायला काय होतं?

आता मुखपृष्ठाबद्दल. 'कव्हर म्हणजे मार्केटिंग, फसवणूक' असं म्हणणाऱ्यांनी मराठी पुस्तकं बहुतेक हातात घेतलेली नसावीत. हजार प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक कसलं डोंबलाचं मार्केटिंग करणार? उलट आपल्याकडे मुखपृष्ठ करणाऱ्यांची केवढी मोठी परंपरा आहे! मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६-१९७१), ज्यांनी १९४५ साली 'दीपावली' अंक सुरू केला. वसंत सरवटे, बाळ ठाकूर, सुभाष अवचट, रविमुकुल, चंद्रमोहन कुलकर्णी. चांगला चित्रकार हा त्या पुस्तकाचा अगदी सुरुवातीचा वाचक असतो. मजकूर वाचून त्याला जे दिसलं, ते त्यानं एका चौकोनात काढून ठेवलेलं असतं. अनोळखी हजार लोकांच्या ताऱ्यांपेक्षा मला त्या एका माणसाचं मत जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि कव्हर बरंच काही सांगतं. काळ कोणता, प्रकाशक कोण, अक्षरं कोणत्या वळणाची, लेखकाचा फोटो टाकण्याची हौस किती. चारपाच महिने सराव केला की नजर तयार होते. बाजारात संत्री निवडताना आपण काय रेटिंग बघतो? सालावरून कळतं, आणि ते कळायला दहा वेळा चुकावं लागतं.

आणि नावं! मराठी लेखकांइतकी चक्रम, सुंदर नावं ठेवणारे लोक कमीच असतील. आपल्या नागपूरच्याच ग्रेस यांची पुस्तकं बघा, 'चर्चबेल', 'मृगजळाचे बांधकाम', 'कावळे उडाले स्वामी'. यातलं 'मृगजळाचे बांधकाम' एखाद्या नवख्या कारकुनानं सिव्हिल इंजिनिअरिंगच्या कपाटात ठेवलं तर त्याला दोष देता येणार नाही. किरण नगरकरांची १९७४ ची कादंबरी 'सात सक्कं त्रेचाळीस' मग गणिताच्या शेजारी. कमल देसाईंची 'हॅट घालणारी बाई'. मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण'. हा शब्द मला अजिबात माहीत नव्हता, लेखकही माहीत नव्हता. नुसत्या नावाला भुलून तो जाडजूड ठोकळा घरी आणला आणि आत निघालं एका वनाधिकाऱ्याचं आत्मचरित्र! विदर्भातली जंगलं, पक्षी, माणसं. त्या उन्हाळ्यात नवेगाव बांधला गेलो ते त्या पुस्तकामुळे. कुठल्याही प्रोग्रॅमनं माझ्यासारख्या जावा-पायथनवाल्याला ते सुचवलं नसतं, कारण माझ्या आधीच्या वाचनात त्याचा कसलाही माग नव्हता. सुचवणाऱ्याला तुमचा कालचा दिवसच माहीत असतो.

मग मुखपृष्ठावरून निवडायचं तर मुखपृष्ठ दिसायला तर हवं! इथे वाचनालयांशीही माझं भांडण आहे. पुस्तक खिळखिळं झालं की ते बाइंडिंगला जातं, आणि परत येतं तेव्हा दलालांचं चित्र गायब, वर काळं नाहीतर लाल रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. जी चांगली आहेत त्यांना खाकी कव्हर. अख्खं कपाट शाळेच्या वह्यांसारखं दिसतं. तेव्हा माझ्या तीन साध्या मागण्या आहेत, ज्यांना फारसा पैसाही लागत नाही. एक, बाइंडिंग करताना मूळ मुखपृष्ठ कापून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि खाकीऐवजी पारदर्शक प्लास्टिक वापरा. दोन, जिथे कपाटांना कुलूप आहे तिथलं कुलूप काढा. तीन, रद्दीत टाकण्याआधी त्या 'पाच वर्षांत न गेलेल्या' पुस्तकांना दाराजवळच्या एका फळीवर, पाठ नाही तर तोंड दाखवत, सहा महिने उभं करा. मग ठरवा.

आपलं कामही सांगतो. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, वाचनालयांना अनुदान मिळतं, त्यांचे अ-ब-क-ड वर्ग ठरतात. हे सगळं चालतं ते सभासद येतात आणि पुस्तकं घेतात या गृहीतकावर. तारखेच्या चिठ्ठीवरचा शिक्का म्हणजे एक मत असतं. तुम्ही 'मृत्युंजय' नेलंत तर नेऊन वाचाच, पण त्याला तुमच्या मताची गरज नाही, ते आधीच निवडून आलंय. कोऱ्या चिठ्ठीवरचा पहिला शिक्का मात्र पुस्तकाला पुढची पाच वर्षं मिळवून देतो. इतकं मोठं परिणाम करणारं काम दहा मिनिटांत आणि जवळजवळ फुकट होतंय, अजून काय पाहिजे राव?

तर उद्या रविवार आहे. जवळचं वाचनालय उघडं असेल तर जा. शेवटचं पान आधी उघडा, चिठ्ठी कोरी असेल तर नाव बघा, चित्र बघा. जरासं जरी खुणावलं तरी घेऊन या. आमच्याकडची यादी मार्चअखेर पक्की होणार आहे. त्यात २१४ पुस्तकं आहेत, मी मोजलीत. एका वेळी दोन मिळतात, म्हणजे मी एकटा सगळी वाचवू शकत नाही.